कमलिनीची अन्नपूर्णा

नाही हो अच्युतराव, चोरी हा शब्द माझ्या कार्डात कुठे आहे तो दाखवा — असेल ना खिशात, काढा की. "कमलिनीची अन्नपूर्णा देवघरात नाही, एकदा येऊन जावे," एवढंच लिहिलंय मी. खाली "लोभ असावा" सुद्धा घातलंय. आता तुम्ही नागपूरहून भोपाळपर्यंत उभ्याने आलात त्याला मी काय करणार, दिवाळी उरकली की गाड्यांना अशीच गर्दी असते. बसा. त्या खुर्चीत नको, तिचा पाय हलतो — हां, इथे. चहाचं विचारत नाही, नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही हे तुमच्याकडे पाळतात, ठाऊक आहे मला. चांगलं आहे, पाळावं. चिवडा तसाही सादळलाय. कमलिनी घरात नाही, मीच पाठवलीय — पलीकडच्या शर्माबाईंकडे आमचा सोऱ्या अडकलाय तो आणायला. दिवाळी होऊन आठ दिवस झाले, त्या बाईला चकली येत नाही, मग सोऱ्या ठेवून घेऊन करते काय? आणि आली की आधी नजर देवघराकडे. "माताजी, आपके यहाँ चाँदी बहुत है" — तुला काय करायचंय आमची चांदी मोजून! पण असो, मी कुणाचं नाव घेत नाही. जे झालं तेवढं सांगते.

लक्ष्मीपूजनाला होती ती. पाडव्याला होती. भाऊबीजेला मीच फूल वाहिलं तिला, पिवळी शेवंती, आमच्या विश्वासने न्यू मार्केटातून आणलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पूजेला बसले. ह्यांची पूजा म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे — तीस वर्षं सचिवालयात फायली लावल्या, देवही तसेच लावतात, पहिला गणपती, मग बाळकृष्ण, मग खंडोबाचा टाक, मग अन्नपूर्णा. ताम्हनात देव काढले आणि म्हणाले, "अगं, एक कमी आहे." मी म्हटलं, नीट बघा, निर्माल्यात गेली असेल. निर्माल्य उपसलं, चौरंगाखाली बघितलं, वातींच्या डब्यात बघितलं. कमलिनी दारात उभी. एक शब्द नाही तोंडातून! तुमच्या माहेरची मूर्ती — म्हणजे तिच्या माहेरची — हरवली, तर बाई रडेल, ओरडेल, निदान "अगं बाई" तरी म्हणेल की नाही? ही गप्प. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. दूधवाल्यावरही संशय होता माझा, पाणी घालतो तो माणूस दुधात, देव का सोडेल? पण तो मागच्या दाराच्या आत येत नाही. हे तर म्हणाले, उंदराने नेली असेल. पितळेची अन्नपूर्णा उंदीर नेईल? घरातल्या माणसावर संशय घ्यायला नको म्हणून उंदरावर घ्यायचा, असा ह्यांचा स्वभाव. मी तशी नाही. मला उत्तर लागतं.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःची मूर्ती ती स्वतः का लपवेल? तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हीच दिलीत. गौरीहरापाशी बसून मुलगी जिची पूजा करते तिला घेऊनच सासरचा उंबरा ओलांडते, आणि उद्या वेगळी चूल मांडायची झाली की बाई आधी अन्नपूर्णा उचलते, मग भांडी. होय की नाही? अन्नपूर्णा उचलली म्हणजे बिऱ्हाड उचललं. आणि विश्वासला तिकडे कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर लागलंय. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, वेगळा नळ! मला कुणी सांगितलं? कुणी नाही. दसऱ्याला पत्र आलं होतं, मोठं खाकी पाकीट. उघडंच होतं. म्हणजे — नीट चिकटलेलं नव्हतं. बरं, वाफेवर धरलं मी, झालं? आईने मुलाचं पत्र वाचलं तर काय आभाळ कोसळतं का? इंग्रजी होतं, मला "क्वार्टर" आणि तारीख एवढंच लागलं. एक डिसेंबर. मग पुन्हा खळ लावून ठेवून दिलं त्याच्या टेबलावर. आणि तुम्हाला सांगते, त्या पोरानं पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि मला विचारतो, "आई, आज भाजी कोणती?" आख्खी दिवाळी तो मला भाजीच विचारत होता! मी अनारसे तळतेय, त्याच्या ताटात वाढतेय, वाट बघतेय, आता सांगेल, आता सांगेल. नाही. रात्रंदिवस दोघांची कुजबुज. मी खोलीत गेले की गप्प. एवढ्याशा सरकारी क्वार्टरात चार माणसं, आणि मला कळू नये म्हणून तिघं धडपडतात — हो, हेही सामील असणार, आजकाल माझ्याकडे न बघता जेवतात.

पुरावा? आहे ना. तिची ट्रंक बघा. नाही, आता बघू नका, मी बघितलीय. उघडीच असते — नाही, खरं सांगते, किल्ली तिच्या उशीखाली होती. आता घरातून देव गेलाय म्हटल्यावर बघायला नको? वरती साड्या, तुम्ही दिवाळीला पाठवलेली ती हिरवी, घडीसुद्धा मोडली नाही तिची. खाली नवं पोळपाट-लाटणं. चार वाट्या. गाळणी. आणि एका कागदात गुंडाळून स्टोव्हच्या पिना. पिना, अच्युतराव! या घरात स्टोव्ह आहे का? मी आणू दिला नाही, भडका उडतो, आमच्याकडे शेगडी आहे. मग पिना कुणासाठी? लोक दागिने लपवतात, ही बाई लाटणं लपवते! मला हसावं की रडावं कळेना. मी तिथेच फरशीवर बसले ते लाटणं हातात घेऊन. चांगलं होतं हो, शिसवीचं. माझ्यापेक्षा चांगलं.

अन्नपूर्णा? ट्रंकेत? नव्हती. ट्रंकेत कशी असेल — म्हणजे, एवढी साधी आहे का ती, ट्रंकेत ठेवायला. दुसरीकडे ठेवली असेल. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. बापाने विचारलं की मुलगी खरं बोलते. तुम्ही एवढंच सांगा तिला, की बाई, ज्या घरातून देव नाहीसा झाला त्या घरातून सुनेनं आत्ता बाहेर पाय टाकायचा नसतो, चांगलं दिसत नाही, लोक काय म्हणतील. परवा तुळशीचं लग्न आहे, ते होऊ दे, मग संक्रांत होऊ दे, मग बघू. तोवर ते क्वार्टर जाईल दुसऱ्या कुणाला. जाऊ दे ना! विश्वास सायकलने सहा मैल जातो, मान्य आहे, घरी येतो तेव्हा जेवता जेवता डुलक्या घेतो, तेही मान्य आहे. पण सायकलने काय माणूस मरतो?

काय म्हणालात? आठ दिवस — हो, झाले आठ. त्याचं काय? — बिननैवेद्याची? अन्नपूर्णा आठ दिवस उपाशी? अहो, शोभतं का तुमच्या तोंडी! माझ्या घरात देव उपाशी? सोळा माणसांच्या घरात सव्वीस वर्षं नैवेद्याची वाटी भरली मी, तापात भरली, विटाळाचे दिवस सोडले तर कधी चुकले नाही. एक दिवस, एक दिवसही उपाशी ठेवली नाही मी तिला. हे कचेरीत गेले, कमलिनी नळावर गेली, की दूध-साखर दाखवते, हात जोडते, म्हणते, बाई गं, रागावू नकोस, एवढं एक डिसेंबर जाऊ दे, मग तुला पुन्हा —

दूधवाल्याचं सांगत होते ना मी? पाणी घालतो तो. इथलं दूधच तसं, नागपूरसारखी साय धरत नाही.

असे बघू नका माझ्याकडे.

बरं. मीच काढली. भाऊबीजेच्या रात्री, देवासमोरचा दिवा मोठा करायला म्हणून गेले आणि काढली, पदरात बांधली. आता मला चोर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण एक विचारते, तुम्ही नागपुरात राहता, तुमचं घर तिथेच, तुमचे देव तिथेच. छप्पन साली नोव्हेंबरात सरकारनं नकाशावर रेघ मारली, नागपूर गेलं मुंबईकडे आणि ह्यांची फाईल आली भोपाळला. फाईलमागे हे आले, ह्यांच्यामागे मी. निघताना मी थोरल्या जाऊबाईंना म्हटलं, माझी अन्नपूर्णा द्या. माझी हो! माझ्या वडिलांनी दिलेली, मी अकरा वर्षांची असताना हातात धरून आणलेली. तर म्हणाल्या, "एकत्र देवघर फोडायचं नसतं मनोरमे. तू काय बदलीवर चाललीस, येशील परत." आणि हसल्या. मी बघितलं त्यांना हसताना, ह्यांना दिसलं नाही. येशील परत! यंदा नागपूर महाराष्ट्रात सुद्धा गेलं, आम्ही आपले इथेच, भाजीवाल्याशी चुकीचं हिंदी बोलत. दोन वर्षं मी भिंतीवरच्या तसबिरीला नैवेद्य दाखवला. स्वयंपाक करायची, पण घर भरल्यासारखं वाटायचं नाही. मग कमलिनी आली, आणि तिच्या हातात ती. तुम्हाला वाटलं असेल सासू सुनेला बघून रडतेय. मी अन्नपूर्णेला बघून रडत होते.

आता तीही जाणार. मग राहिलं काय माझ्याकडे? हे आणि खंडोबा! म्हणून केलं. वाटलं, मूर्ती सापडल्याशिवाय ती जायची नाही, आणि तुम्ही दोन शब्द बोललात की विश्वासलाही लाज वाटेल. एवढाच विचार केला, पुढचा केला नाही. तिला यातलं काही सांगू नका. मी आज संध्याकाळी ठेवते जागेवर, म्हणेन चौरंगाच्या फटीत होती. ह्यांना पटेल, ह्यांना काहीही पटतं. तुम्ही फक्त —

कोण आहे? कमलिनी? कधीची उभी आहेस? अगं, बोल ना, किती ऐकलंस?

काय? ठाऊक होतं? काय ठाऊक होतं तुला? — तांदळाच्या डब्यात आहे हे? कधीपासून? नाही, खोटं आहे, मी चांगली तळाशी पुरली होती. — मुंग्या? अगं बाई. नैवेद्याची साखर सांडली असणार, डब्याला मुंग्या लागल्या, तू उपसायला घेतलास... दुसऱ्याच दिवशी? म्हणजे सात दिवस तू त्याच डब्यातून भाताला तांदूळ काढत होतीस, आणि ती उघडी पडू नये म्हणून वरून पोत्यातले घालत होतीस? मी आपली म्हणत होते, डबा खाली कसा जात नाही! आणि मी तुझ्यादेखत दूधवाल्याचं नाव घेतलं, तुझी ट्रंक उचकटली, तुझ्या बापाला नागपूरहून इथवर आणलं, आणि तू रोज समोर बसून मला भात वाढलास. अगं, एकदा तरी म्हणायचं होतंस, आई, लाज नाही वाटत का? तुला राग कसा आला नाही? मला आला असता. मी घर डोक्यावर घेतलं असतं.

काय म्हणतेस? राहू दे? कुठे राहू दे? इथे — माझ्याजवळ? अन् तुला? तुला तिकडे? तसबीर चालेल म्हणतेस.

ऐकलंत अच्युतराव, तुमची लेक काय बोलते ते? नाही, थांब. हात नको लावूस मला. असं कुणी देत नाही. माझीच होती ती सुद्धा मला कुणी दिली नाही, अन् तू तुझी देतेस? का? काय हवंय तुला माझ्याकडून? काहीतरी असेलच मनात, उगाच कुणी देत नाही. बोल ना गं. बघा, सोऱ्या खाली ठेवून पुन्हा जवळच येतेय. — अच्युतराव, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर जाऊन बसा. जा म्हणते ना. जा हो, बघू नका इकडे.