अनारसे कुणाच्या बॅगेत होते?

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. ज्यांचे मोबाईल वाजणार असतील त्यांनी ते बंद करा — देव रागावत नाही, पण मी रागावतो! आज एकच सवाल आहे. "मला माहीत नव्हतं हो!" — हे वाक्य माफीचं की गुन्ह्याचं?

बोला! ...गप्प? असणारच! सुपारीसारखं हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या गालात असतं. गाडी नको तिथं लावली — माहीत नव्हतं! शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकला — माहीत नव्हतं! आपल्या गल्लीत खपून जातं हो. गल्लीबाहेर काय होतं, ते ऐका!

रत्नाकर उपासनी. नाशिकचे. पंपांच्या कारखान्यात मोठे इंजिनियर. माणूस हुशार — लोकांच्या मते बऱ्यापैकी, स्वतःच्या मते अफाट! कंपनीनं त्यांना वर्षभरासाठी आखातातल्या एका देशात पाठवायचं ठरवलं. सोबत त्यांच्या हाताखालची गीतांजली दुसाने. पोर चुणचुणीत, पण विमानात बसायची पहिलीच वेळ.

जाण्याआधी कंपनीनं एक दिवसाची शिकवणी ठेवली. तिथं काय चालतं, काय चालत नाही, काय न्यायचं, कुणाशी कसं बोलायचं. उपासनीसाहेब गेले. सही केली, चहा घेतला, दोन सामोसे घेतले — आणि मागच्या दारानं पसार! कुठे? नवी बॅग घ्यायला!

त्यांच्या पत्नी मंदाताई म्हणाल्या, "अहो, तिथले कायदे कडक असतात म्हणे. विचारून तरी घ्या."

"मंदा, कायदे चोरांसाठी असतात. मी काय चोर आहे?"

वा! काय तत्त्वज्ञान! वाजवा रे, मृदंग वाजवा!

म्हणजे त्यांनी अभ्यास केला नाही असं समजू नका हं. केला! तिथं जाड पोहे मिळतात का, मराठी मंडळाचा गणपती कुठे बसतो, क्रिकेट कुठल्या चॅनेलवर दिसतं — सगळं तोंडपाठ! वर्षभर ज्या देशाचं पाणी प्यायचं, त्या देशाची रीत सोडून सगळं!

निघायच्या दिवशी मेहुणीनं डबा आणला. अनारसे! साजूक तुपातले, जाळीदार, वर खसखस थापलेली. कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं? हां, पुढे बसलेल्या काकांच्या! थांबा काका, इतक्यात हात पुढे करू नका, या डब्यामागून पोलीस येतायत!

विमानतळावर साहेबांची बॅग वजनात जास्त भरली. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गीतांजलीची बॅग हलकी.

"गीतांजली, हा डबा ठेव गं तुझ्याकडे."

"सर, यात काय आहे?"

"फराळ आहे! बॉम्ब दिसतोय का?"

विमानतळावर उभं राहून हा विनोद! नशीब, काउंटरवालीचं लक्ष नव्हतं. आणि गीतांजली? शिकवणीत तिनं ऐकलं होतं, दुसऱ्याचं सामान घेऊ नका. पण साहेबाला नाही म्हणायचं? आपल्याकडे? त्यापेक्षा विमानाचा पंख धरून जाणं सोपं! तिनं डबा घेतला.

उतरले. साहेबांची बॅग सुटली, ते ऐटीत पुढे गेले. गीतांजलीची बॅग मात्र थांबवली. अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं डबा उघडला. "हे काय?"

"गोड पदार्थ आहे."

"वर दाणे कसले?"

खसखशीला इंग्रजीत काय म्हणतात, ते तिला आठवेना. तिची ती गडबड बघून साहेबांच्या ज्ञानाला उकळी फुटली. लांबूनच ओरडले — "पॉपी सीड्स!"

आहाहा! काय उच्चार! कुठल्या झाडाचे, तेही सांगायचं होतं! ज्या झाडाची अफू, त्याच झाडाची खसखस. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते. तिथं ती अफूच्याच पंगतीत बसते. अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. त्यानं साहेबांना जवळ बोलावलं.

"तुम्ही हिच्याबरोबर आहात?"

आता बघा मंडळी. अख्खं आख्यान या जागेवर येऊन उभं आहे. उपासनींच्या डोळ्यांपुढे नोकरी आली, अब्रू आली, मंदाताई आल्या. आणि तोंडातून निघालं — "बॅग तिची आहे."

खोटं होतं का? मुळीच नाही! शंभर नंबरी सत्य! बॅग तिचीच होती! पण असलं सत्य बोलण्यापेक्षा माणसानं जीभ चावून घेतलेली बरी.

गीतांजलीनं त्यांच्याकडे पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. दोन पोलीस बाया तिला घेऊन निघाल्या, तेव्हा एवढंच म्हणाली, "सर, माझ्या बाबांना एवढ्यात कळवू नका. त्यांना सोसायचं नाही."

काचेचा दरवाजा समोर. पलीकडे कंपनीचा ड्रायव्हर नावाची पाटी धरून उभा. साहेब दारापर्यंत गेले. दार आपोआप उघडलं. त्या देशाच्या दाराला काय ठाऊक, कुणासाठी उघडावं न् कुणासाठी नाही! साहेब उंबऱ्यात उभे. दार मिटायला बघायचं, पुन्हा उघडायचं. एरवी कुणाला हा पोरखेळ वाटला असता. साहेबांच्या कानात मात्र तिचंच वाक्य. बाबांना कळवू नका, म्हणाली. मला शिव्या का नाही दिल्या तिनं?

वळले! मंडळी, माणूस वळला! अधिकाऱ्यापुढे जाऊन म्हणाले, "डबा माझा आहे. मीच दिला तिला. पण खरं सांगतो, मला माहीत नव्हतं."

अधिकारी म्हणाला, "विमानात बसण्याआधी विचारायला तुम्हाला कुणी मनाई केली होती?"

सांगा ना साहेब! सामोसे खाऊन बॅग घ्यायला पळालो होतो म्हणून?

चौकशी झाली, वकील आले. गीतांजलीला सोडलं. साहेबांना काही दिवस कोठडी घडली. शेवटी माल किरकोळ आणि हेतू वाईट नाही असं ठरलं, आणि त्यांना परतीच्या विमानात बसवलं. वर्षाची नोकरी विमानतळावरच संपली!

नाशिकला शेजारी जमले. "देशच वेडा हो! अनारशाला कैद?" साहेब खाली मान घालून बसले. मग मंदाताईंसमोरच त्यांनी गीतांजलीला फोन लावला.

"पोरी, चुकलो."

पलीकडून ती म्हणाली, "सर, तुम्ही परत आलात म्हणून मी सुटले. पण आधी गेला होतात, तेही मी पाहिलंय."

बस! कोठडीत जे लागलं नव्हतं, ते इथं लागलं. शेजाऱ्यांकडे वळून ते म्हणाले, "देश वेडा नाही. मी त्यांच्या घरी निघालो होतो आणि त्यांची रीत विचारली नाही. त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकीला मोजावी लागली असती."

म्हणून मी दोन ओळी जुळवल्यात. माझ्याच आहेत, उगाच संतांच्या नावावर खपवत नाही —

घर ज्याचे त्याची, रीत त्याच्या दारी।
पुसे जो विचारी, तोच सुखी॥

हसलात ना उपासनींना? हसा! घरोघरी पोरं परदेशी निघालीत. बॅगेचं वजन तुम्ही तीनदा कराल, दृष्ट काढाल, हातावर दही घालाल. तिथला एक कायदा वाचाल? "जाऊ दे हो, तिथं गेल्यावर कळेलच!" कळेल ना! शिकवायला तिथं पोलीस आहेतच, फी वेगळी पडते!

आता नामाचा गजर करू. आणि एक विनंती. कीर्तन संपल्यावर माझ्यापाशी येऊन कुणी विचारू नका, "बुवा, मग तिळाचे लाडू चालतात का?" बुवाला काय माहीत! ज्यांच्या दारात जायचंय, त्यांना विचारा!

बोला, पुंडलिक वरदे —