बशीतली उरलेली गोळी

...नाही, तुम्हीच मला सांगा, जगात एवढे रंग आहेत आणि गोळ्या बनवणाऱ्यांना एकच सुचतो? बाबांची बीपीची गोळी कशी? पांढरी, गोल, मधोमध रेघ. आईची शुगरची? तुम्हाला सांगतो, अगदी तश्शीच! बरं, पाकिटावर नाव असतं म्हणाल, तर आमच्या मातोश्रींना कात्रीचा सोस. पाकीट घरात आलं रे आलं की एकेका गोळीचा चौकोन कापून सगळे एका डब्यात... का, तर म्हणे सुटसुटीत राहतं! आता एका चौकोनावर नावाचं शेपूट, दुसऱ्यावर नुसतंच 'मुलांच्या हाती लागू देऊ नये'. मूल म्हणजे मी. वय सेहेचाळीस.

तर त्या दिवशी सकाळी आईने दोघांच्या दोन गोळ्या सोलून एकाच बशीत ठेवल्या आणि गेली दूध बघायला. परत येते तो बशीत एकच. आणि पेपरामागे बाबा.

"अहो, कुठली घेतलीत?"

"गोळी."

"ते कळलं हो, पण कुठली?"

"जवळची."

जवळची! आता उरलेली जर बीपीची असेल, तर बाबांच्या पोटात शुगरची, आणि बाबांना शुगर नाही हो! म्हणजे अंगात आहे ती साखरही उतरणार आणि माणूस बसल्या जागी कोसळणार, एवढं मलाही कळतं. पण बशीत बघावं तर काय? पांढरी, गोल, मधोमध रेघ.

काकांना फोन लावला. काका दवाखान्यात कारकून होते, म्हणून आमच्याकडे अर्धे डॉक्टर. "चाटून बघ. कडू लागली तर बीपीची. नाही लागली तर... तरी बीपीचीच असेल." मी चाटणार होतो, खोटं कशाला बोलू, आईने हातावर फटका मारला म्हणून राहिलो. मग फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मावशी म्हणते, 'मीपण हीच घेते, छान आहे.' आतेभावाचा अंगठा. एकाने तर हात जोडले... आधीच! इकडे बाबा म्हणाले, "मी ठणठणीत आहे," आणि कपाळावरचा घाम पेपराने पुसला.

मी बशीसकट खाली धावलो, पायात दोन वेगळ्या चपला. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "पाकीट?" म्हटलं, कापलं. "त्यावरचं नाव?" तेही कापलं. बाईंनी भिंग काढलं आणि गोळी उलटी केली. उलटी! अख्खं खानदान रेघेकडे बघत बसलेलं आणि मागे ढळढळीत दोन अक्षरं कोरलेली! आमच्या जुन्या बिलावरून त्यांनी दोन्ही पाकिटं काढली, एकेक गोळी शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाल्या, "ही बीपीची. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन करा."

दुकानातूनच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "साखरपाणी पाजा आणि तसेच घेऊन या." दवाखान्यात साखर मोजली तर चोपन्न! बाबांना आडवं केलं, सलाईन लावलं, तासातासाला बोटात सुई. ज्या माणसाच्या आवाजाने चौथ्या मजल्यावरची खिडकी बंद होते, तो बारीक आवाजात मला विचारतो, "पेपर आणलास का रे?" मला रडू आलं. आलं, सांगायला लाज कसली? आईने दिवसभर त्यांचं कोपर धरून ठेवलं होतं, आणि मधूनमधून नुसतं म्हणायची, "जवळची म्हणे..."

दुसऱ्या दिवशी सोडलं. सोडताना डॉक्टरांनी एका दमात झापलं. गोळी तिच्या पाकिटातच ठेवायची, पाकीट नाव आणि तारीख शेवटपर्यंत राहतील अशा बाजूने कापायचं, दोन माणसांची औषधं दोन जागी, ओळखू आली नाही तर चाटायची नाही, विचारायचं! 'चाटायची नाही' म्हणताना त्यांनी माझ्याकडे का बघितलं, देव जाणे.

आईने मनावर घेतलं. दोन डबे आणले, गोळ्या पाकिटासकट आत, आणि झाकणांवर लाल शाईने ठसठशीत लिहिलं. एकावर 'ह्यांची'. दुसऱ्यावर 'माझी'.

सकाळी बघतो तर बाबा आईचा डबा उघडून, पांढरी, गोल, मधोमध रेघ... तोंडापाशी! मी झडप घालून हात धरला.

"बाबा, काय करताय!"

"ओरडतोस काय? वाचता येतं मला. 'माझी' लिहिलंय!"

आता चूक कोणाची काढू? आईला म्हटलं, बाई गं, सरळ नावं लिही की डब्यांवर. तर ती लाजली हो... सत्तराव्या वर्षी! "इश्श, ह्यांचं नाव मी कसं लिहू?"

म्हटलं, मी लिहितो. तर बाबा म्हणतात, बापाचं नाव झाकणावर लिहिणार? तर तुम्हाला सांगतो, सध्या रोज सकाळी आठ वाजता त्या दोन डब्यांच्या मधे मी बसतो.