फणसाचं खोकं

—न्हाई न्हाई, आत नको, सावळाराम, तिथंच पायरीवर ठेव. बाजाराचा दिवस हाय, कधी कोण गिऱ्हाईक येईल सांगता येत न्हाई. माझ्या मनात तसं काय न्हाई बरं का. माझ्या मनात असतं तर तुला पायरीवर तरी उभा केला असता का? लोकांचं बघावं लागतं. हां, ठेव. सावकाश. आता काढ वरचं फडकं— अरे बापरे! हे तू केलंस? तू? भोंगवलीत बसून? खोटं बोलू नकोस, भोरातल्या कुठल्या सुताराकडनं करून घेतलंस ते सांग, मी काय त्याला खात न्हाई. स्वतः? बरं, स्वतः तर स्वतः. कुंडलिक सुताराकडं रंधा मारायला होतास न्हाई का तू— तिथंच शिकला असशील, बघून बघून. तुमचं असंच, बघून बघून.

व्हय, म्हटलं होतं. मी कुठं न्हाई म्हणतोय? सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, एस्टी स्टँडवरच्या हाटेलात. तुमची माणसं आली होती, जयंतीला कर्णा पायजे म्हणून. म्या म्हटलं सेट मोकळा न्हाई, लगीनसराई हाय. दर साली तेच म्हणतो, आणि दर साली तुमी ऐकून घेता, गपगुमान परत जाता. गेल्या जयंतीला तर सेट ह्याच फळीवर होता, तुमी येताना दिसलात म्हणून वर पोतं टाकलं— ते असू दे. ते कुठनं आलं मधीच. तर तू म्हणालास, आनंदराव, तुमचं कर्ण्याचं जुनं मशीन पडूनच हाय की माळ्यावर, ते द्या. आणि म्या म्हटलं, कोयनेच्या भूकंपात त्याचं खोकं फुटलं, उघड्या मशीनला कुणाचा हात लागला तर माणूस जागेवर खलास. लाकडाचं आणि जर्मनच्या, भांड्याच्या पत्र्याचं नवं खोकं करून आण, मशीन त्यात नीट बसलं तर मशीन तुमचं, फुकट, कायमचं. अख्खं हाटेल हसलं. मीबी हसलो. असलं बोलणं हसण्यावारी न्यायचं असतं रे! तू एकटाच हसला न्हाईस. तवाच माझ्या ध्यानात यायला पायजे होतं.

बघू तर. लाकूड कुठलं हे? पिवळंधमक दिसतंय. फणस? साग न्हाई मिळाला व्हय? तुला कुठनं मिळणार म्हणा. पर फणस वाईट न्हाई, वीणा फणसाचीच करतात, आवाजाला गोड. आणि हे काय, कोपऱ्यात खिळा कुठाय? एकबी खिळा न्हाई? फळीला दात पाडून फळीतच बसवलीय. आयला. बोट फिरवलं तर सांधा लागत न्हाई. माझ्या नव्या सेटचं खोकं पुण्याच्या दुकानातनं आलंय, पॉलिश असं की तोंड बघून घ्यावं, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याचा कोपरा उकलला. सुतळीनं बांधलाय. मांडवात ठेवताना ती बाजू भिंतीकडं करतो मी— हसलास तू. बरं, न्हाई हसलास. आणि मागं ह्या फटी कशाला? वारा खेळायला? मशीनमधले व्हॉल्व्ह तापतात म्हणून? हे तुला कुणी सांगितलं? माझे व्हॉल्व्ह दर सुगीला जळतात, आणि तो पुण्याचा दुकानदार म्हणतो तुमचीच लाइट खराब. जाऊ दे. फार हुशारी बरी नव्हं माणसाला, झोप लागत न्हाई.

माप कसं घेतलंस ते सांग आधी. मशीनला म्या तुला कधी टेप लावू दिली न्हाई. डोक्यावरनं? म्हंजे? हां— खरंच की. गुंजवण्याला, पालीला, जिथं बैलगाडीबी जात न्हाई तिथं हे मशीन तूच तर न्यायचास डोक्यावरनं, खोकं फुटायच्या आधी. मांडवापाशी वझं उतरवायचं आणि मांडवाबाहेर जाऊन बसायचं. तिथं बसून सुतळीला गाठी मारायचास व्हय? हितंवर लांबी, हितंवर रुंदी, हितं बटण? चोरी झाली की ही! मी तुला वझ्याची मजुरी देत होतो, मापाची न्हाई. आणि मी म्हणायचो, काय गुणाचा माणूस हाय, एवढं वझं वाहतो आणि चकार शब्द बोलत न्हाई.

आता तोंडावर सांगतो, आडपडदा कशाला. परवा तुमच्या गावचे रामभाऊ पाटील येऊन गेले. न्हाई, तुझं नावसुद्धा काढलं न्हाई त्यांनी. बसले, चहा घेतला, म्हणाले, आनंदराव, औंदाच्या जत्रेला तुमचाच सेट ना? म्हटलं, व्हय. मग उठता उठता म्हणाले, गावात एकच आवाज असला म्हंजे बरं असतं. झालं, एवढंच. मी काय पाटलाला भितो असं समजू नकोस! मी भोरचा, त्यांच्या गावचं पाणीसुद्धा पीत न्हाई. पर जत्रा त्यांची, लग्नं त्यांची, बारशी त्यांची. माणसानं तेबी बघायला नको का? आणि खरं सांगू— पाटील आले नसते तरी— मला झोप नव्हतीच. अख्ख्या तालुक्यात माइकपुढं कोण बोलतं? मी. बायका म्हणतात, आनंदरावाचा आवाज आला, लगीन लागलं बघा. माझं थोबाड कुणाला ठावं न्हाई, पर आवाज पोरंठोरं ओळखतात. घरात माझं कोण ऐकतं? कुणी न्हाई, बायको वाढते आणि भिंतीकडं तोंड करून बसते. बाहेर मात्र माझ्याबिगर पान हलत न्हाई. आणि आता तू बोलणार? तू, ज्याचा आवाज म्या अजून धड ऐकला न्हाई? आणि तुझं बोलणं निरेपलीकडं जाणार, वरच्या आळीला जाणार, पाटलाच्या ओसरीवर जाणार, आणि लोकं म्हणणार, सावळाराम काय झकास बोलतो! हे कुणाला सहन व्हावं? सांग. तुला तरी झालं असतं का?

बरं, बरं. शब्द म्हंजे शब्द. खोक्यात मशीन बसलं तर तुझं. मी काय बेइमान न्हाई. हा पुढचा पत्रा सोडवतो आधी आणि माळ्यावरनं उतरवलेल्या मशीनच्या तोंडाला लावून बघतो. तिथंच थांब तू, पेचकस हाय माझ्याकडं. स्क्रूसुद्धा पितळी घातलेत, नवरीच्या नथीसारखे! हा निघाला. पत्रा कशाचा हा? परातीचा? परातीचा तळ कापलास? आणि आतल्या बाजूला हे काय कोरलंय— ‘रतनबाई हिस वडिलांकडून’. आई शप्पथ! बायकोची माहेरची परात? आणि बाई काय म्हणाली? तिनंच काढून दिली? मग आता पीठ कशात मळती, दगडावर? फळीवर. बरं. घरोघर जयंतीच्या तयारीला लागल्यात म्हण की सगळ्या. ताशा सांगितला असंल, पताका झाल्या असतील, पोरांनी भाषणं पाठ केली असतील. पोरींनीबी? पोरी माइकवर! भलतंच. आणि सगळ्यांना सांगून आलास व्हय, की सांजच्याला मशीन घेऊनच येतो म्हणून? वेशीवर वाट बघत असतील. मशीन आलंच न्हाई तर काय सांगणार तू त्यांना?

चल, लावू पत्रा. भोकं चुकली असली तर माझ्या नावानं ओरडायचं न्हाई. हे आवाजाचं बटण— आलं. हे दुसरं— हेबी आलं. माइकची पिन जायची ती जागा— हं. बारक्या दिव्याचं भोक— दिवासुद्धा—

न्हाई बसत.

न्हाई बसत म्हटलं ना! बोटभर चुकलंय. तिथनं तुला काय दिसणार? बटणं बाहेर आलेली दिसतात? पायरीवरनं तसंच दिसतं, उन्हाची तिरीप हाय. मशीन कुणाचं? माझं. मग बसलं का न्हाई ते कोण सांगणार? पाऊल पुढं घालू नकोस! आत आलास तर आरडाओरडा करीन, बाजार भरलाय, चोर म्हटलं की लोकं विचारत बसत न्हाईत. हां. तिथंच. बघू दे म्हणतोस? बघशील की, मी कुठं नको म्हणतो, दम धर जरा. ही कड वर आलीय तेवढी बसवून देतो. हातोडी कुठं ठेवली— ही बघ. असा काय बघतोस? पत्रा म्हटला की ठोकावाच लागतो. असा. आणि हितं, भोकापाशी, असा. काय मऊ असतं रे जर्मन, कितीबी मारा, आवाज म्हणून करत न्हाई. एवढं ते नाव अजून वाचायला येतंय. थांब. हां, गेलं.

आता ये. ये की आत! मीच बोलावतोय न्हवं? चपला काढून ये. कुणी काय म्हणणार न्हाई, म्हटलंच तर मी सांगतो, म्याच घेतला आत म्हणून. हा घे पत्रा, हे मशीन. तुझ्या हातानं लाव, उगाच माझ्यावर आळ नको. लाव की. त्या बाजूनं लावून बघ. आता फिरवून बघ. बसतंय का?

काय म्हणालास? मोठ्यानं सांग, ऐकू आलं न्हाई.

न्हाई बसत. हां. तूच म्हणालास बरं का, मी न्हाई. उचल आता ते, आणि पायरी मोकळी कर.