करंजडोहचं तिकीट

कुंताबाई : मी एवढंच पुसते, पुंडलिकभाऊ. करंजडोहात तुम्ही आलते कधी?

पुंडलिकराव : कुंताबाई, पहिले टोपलं खाली ठेवा. माह्या पेपरच्या दुकानासमोर उन्हात उभ्या राहून भांडाल तं चक्कर येईल.

कुंताबाई : हिंगणघाटच्या बाजारातून वांगी जशीच्या तशी वापस आणली. बाया पुसतात, कुठली? करंजडोहची म्हटलं की डोळ्याले पदर लावून पुढं जातात.

पुंडलिकराव : त्याले मी काय करू? साऱ्या देशात डोळे आले आहेत. बांगलादेशच्या लढाईच्या सालीही आलते. मुंबई आहे, कलकत्ता आहे, रेडिओ रोज सांगून राह्यला.

कुंताबाई : मुंबईचं नाव ऐकून माह्या वांग्याकडे कोणं पाठ नाई फिरवली. ती फिरवली तुमच्या पेपरनं. ‘करंजडोहमध्ये साथीचे थैमान, घरोघरी अंधत्वाचे सावट.’ मास्तरनं वाचून दाखवलं मले. घरोघरी म्हणे. अजी, कवडूचे डोळे आलते अन् त्याच्या मायचे. दोघंही बरे होऊन वावरात निंदाले जाऊन राह्यले.

पुंडलिकराव : ‘अंधत्वाचे सावट’ मी नाई लिहिलं. मी लिहिलं, डोळे लाल होतात, चिकटतात. सावट नागपूरच्या ऑफिसात लागलं. एवढ्या मोठ्या साथीत लहान बातमी त्यायले चालत नाई.

कुंताबाई : अन् करंजडोह? तेही नागपूरलेच लागलं?

पुंडलिकराव : ते माहं.

कुंताबाई : तुम्हाले कोणं सांगतलं?

पुंडलिकराव : कंडक्टरनं. बाई, मी पेपरचा एजंट, बातमीदारी त्याच्यातच. दुकान सोडून गावोगाव फिरलो तं पेपर कोण विकन? जामच्या या चौकात साऱ्या बशी थांबतात. कंडक्टर चहा पेता पेता सांगते, मी लिहितो, नागपूरच्या बसनं पाकीट जाते. त्या दिवशी समुद्रपूरच्या बसमधून माणसं उतरली, डोळ्याले रुमाल लावून. वर्ध्याच्या दवाखान्यात चालले होते. म्यां पुसलं, कुठले? कंडक्टर म्हणे, साऱ्यायचं तिकीट करंजडोहचं.

कुंताबाई : करंजडोहचं तिकीट पाच गावचे लोक काढतात, भाऊ. बाकी गावाले रस्ता कुठं आहे? सारे वावरातून चालत आमच्या फाट्यावर येतात अन् तिथूनच बसतात.

पुंडलिकराव : हे... हे तं माह्या ध्यानातच नाई आलं.

कुंताबाई : तुमच्या ध्यानात नाई आलं, अन् माही पोर तिकडं अडकून पडली.

पुंडलिकराव : कोण, कोकिळा?

कुंताबाई : पहिलटकरीण आहे. नववा लागला. पहिलं बाळंतपण मायच्या घरी, हे का मी सांगू तुम्हाले? म्यां खाट विणून ठेवली, डिंक आणला, सुईणीले सांगून ठेवलं. खुशालराव, आमचे जावई, आणून सोडणार होते तिले. तं समुद्रपूरहून व्याह्याचा निरोप आला. तुमच्या गावात पेपरमधली साथ आहे, लेकरू आंधळं निंगन, सून धाडत नाई. म्यां म्हटलं, मंग मीच येते. तं म्हणे, तुम्ही तं येऊच नका.

पुंडलिकराव : असं आहे होय.

कुंताबाई : रात्री डोळ्याले डोळा लागत नाई माह्या. तवा आता लिहा तुम्ही. करंजडोह चांगलं आहे, म्हणून लिहा.

पुंडलिकराव : गाव चांगलं आहे, ही बातमी होत नाई, बाई. मागं एका गावात पटकी आलती. ते पहिल्या पानावर आलं. पटकी गेली, म्यां तेही लिहून धाडलं. ते कुठंच नाई आलं.

कुंताबाई : म्हणजे पेपरात तिथं अजून पटकी आहेच.

पुंडलिकराव : आता काय सांगू तुम्हाले... ते पाहा, हिंगणघाटच्या बसमधून कोण उतरले. तुमचे व्याहीच येऊन राह्यले.

(काळा चष्मा लावलेले लक्ष्मणराव दुकानापाशी येतात. कुंताबाई डोक्यावरचा पदर नीट करते.)

लक्ष्मणराव : आजचा पेपर द्या, पुंडलिकराव. अरे, विहीणबाई? तुम्ही इथं कशा?

कुंताबाई : पाया पडते, व्याहीबुवा. कोकिळा बरी आहे?

लक्ष्मणराव : एकदम मजेत. काही फिकीर करू नका.

पुंडलिकराव : लक्ष्मणराव, बरं झालं भेटले. ती करंजडोहची बातमी चूक होती. मीच लिहिली, मीच सांगतो. सुनेले धाडा तुम्ही.

लक्ष्मणराव : बाई समोर बसल्या म्हणून बोलून राह्यले तुम्ही. पेपर नागपूरले छापते, तिथं शिकले-सवरले लोक बसले आहेत. तुम्ही चौकात बसून त्याले खोटं म्हणता?

पुंडलिकराव : अहो, त्यायले मीच धाडली नं ती बातमी.

लक्ष्मणराव : मग दुसरी धाडा. छापून आली की त्याच दिवशी सून पोचवतो. पण तोंडच्या गोष्टीवर मी नातवाच्या डोळ्यांचा जुगार खेळणार नाही.

कुंताबाई : छापून येईपर्यंत लेकरू थांबते का, व्याहीबुवा? अन्... तुमच्या चष्म्याखालून पाणी काऊन गळून राह्यलं?

लक्ष्मणराव : बसमधली धूळ. खिडकीपाशी बसलो होतो.

कुंताबाई : काढा बरं चष्मा.

लक्ष्मणराव : विहीणबाई, चार लोकांत हे काय?

कुंताबाई : पुन्हा पाया पडते. काढा.

पुंडलिकराव : अरे देवा. लालभडक आहेत हे तं.

लक्ष्मणराव : हळू बोला, पुंडलिकराव.

कुंताबाई : घरात आणखी कोणाले आहे?

लक्ष्मणराव : पहिले खुशालला आले. मग मला, मग त्याच्या आईला.

कुंताबाई : अन् कोकिळाले?

लक्ष्मणराव : ...तिलाही.

कुंताबाई : अन् तुम्ही आमच्या गावाचं नाव पुढं केलं.

लक्ष्मणराव : काय करू मग? लाल डोळे घेऊन सून माहेरी गेली असती तर गावभर झालं असतं. धाकट्या पोरीचं लग्न जुळून राहिलं आहे. घरात आंधळं करणारा रोग आहे म्हटलं तर पाहुणे दारातूनच वापस जातील. तुमच्या गावाचं नाव तर आधीच छापून झालं होतं.

पुंडलिकराव : लक्ष्मणराव, ही बातमी आहे. हे ते छापतील. ‘समुद्रपुरातही शिरकाव, अख्खे घर आजारी.’ अन् त्याच्याच खाली एक ओळ टाकतो, करंजडोहमध्ये आता एकही रोगी नाही. कुंताबाई, त्याच्यासाठीच आलत्या नं तुम्ही? नागपूरची बस यायचीच आहे. आत्ता लिहितो.

लक्ष्मणराव : हात जोडतो तुम्हाला.

पुंडलिकराव : मले काऊन जोडता? त्यायले जोडा. वांगी त्यायची सडून राह्यली.

कुंताबाई : नका लिहू, भाऊ.

पुंडलिकराव : बाई, मंग करंजडोहचं नाव तसंच राहीन.

कुंताबाई : राहू द्या. दुसऱ्या गावचं छापून आलं की लोक आमचं विसरतील. पण त्या घरात माही पोर आहे. उद्या लगीन मोडलं तं खापर तिच्याच डोक्यावर फोडतील. मले राग येऊन राह्यला, व्याहीबुवा, लय राग येऊन राह्यला. पण तुमच्या घराले आग लावून मी कुठी जाऊ?

पुंडलिकराव : मले तं काही समजतच नाई. खोटं होतं ते छापलं, अन् खरं आहे तं म्हणता छापू नका.

कुंताबाई : समुद्रपूरची बस लागली. मी तुमच्यासंगच येते. लेकीच्या घरचं पाणी आमच्यात पेत नाई, माहं पाणी मी संग घेईन. ओसरीवर पडून राहीन, पण ती बाळंतपणातून मोकळी होईपर्यंत तिथून उठणार नाई.

लक्ष्मणराव : चला. आता तुमच्यापासून काय लपवायचं. फक्त एक ध्यानात ठेवा, विहीणबाई. तिच्या डोळ्यांत पाहू नका. नजरेला नजर भिडली की लागते, पेपरातच आलं होतं. आम्ही तर तिला मागच्या खोलीत ठेवलं आहे. ताटही तोंड फिरवूनच देतो.

कुंताबाई : मंग इतके दिवस माह्या पोरीच्या तोंडाकडे कोणीच पाह्यलं नाई का, व्याहीबुवा?