हनुवटीवरचे तीन ठिपके

तुम्हाला सांगते, सगळ्यात आधी खटकलं ते हे, की आजींचा चेहरा जरा जास्तच स्वच्छ दिसत होता.

अकोल्याला जुन्या शहरातल्या एका दुकानात मी नवीनच लागले होते. काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीवर लेझरने फोटो कोरायचा, त्याआधी तो कॉम्प्युटरवर साफ करायचा, हे माझं काम. तेल्हाऱ्याच्या एका आबाजींनी नुकत्याच गेलेल्या बायकोचा जुना फोटो दिला होता. मी त्यावरचे बुरशीचे डाग पुसले आणि त्याच झपाट्यात हनुवटीवरचे तीन ठिपकेही पुसले. मग वाटलं, डाग असे सरळ एका ओळीत पडतात का? ते गोंदण असलं तर? दगडावर एकदा कोरलं की खोडता येत नाही.

मालक बाळापूरला गेलेले. फोनवर म्हणाले, "कावून घाबरून राहिली इतकी, बाई? कर मशीन चालू!"

दुकानात मी एकटीच. मशीन नुसतं वाजलं तरी दचकत होते. आबाजींना फोन लावला, उचलला नाही. धीर यावा म्हणून अमरावतीला आईला लावला, तिनेही नाही. पुन्हा आबाजींना लावला. रिंग संपता संपता आवाज आला, "कोन?"

मी नमस्कारही न करता विचारलं, "आबाजी, आजींच्या हनुवटीवर तीन ठिपके होते का?"

"गोंदन हाय ते, पोरी. पुसजो नोको," ते म्हणाले. "अन् फोन एवढ्यात ठेवजो नोको."