देश : पृथ्वी

— नाही साहेब, बोगस कसं म्हणता तुम्ही याला? बोगस म्हणजे खऱ्याची नक्कल. असं खरं कार्डच जगात कुठं नाही, मग नक्कल कशाची? वाचा ना — नाव, वय, आवडता खाऊ, आणि देशापुढं काय लिहिलंय? पृथ्वी. आता 'देश पृथ्वी' असलेलं सरकारी कार्ड कोणी... बरं, हसत नाही तुम्ही. बसा तरी. ती नका घेऊ, पोरांची आहे, बुटकी — माझी खुर्ची घ्या, मी उभीच बरी. सवयच आहे हो उभं राहायची, तुम्ही आले म्हणून नाही — म्हणजे, तुम्ही आले म्हणूनच, खोटं कशाला बोलू. सकाळी गेटावर खाकी दिसली अन् मी हजेरी दोनदा घेतली. नोकरीला दोन वर्षंच झालीत, साहेब. अजून कायम नाही झाली मी.

हे सगळं या पुस्तकापायी. घ्या हातात, चित्रांचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही त्यात. हे बघा, ही पोरं बर्फावरून घसरत शाळेत जातात. ही काड्यांनी भात खाते. अन् हा बघा, हा तंबूत राहतो, मेंढ्या चरायला निघाल्या की घरदार पाठीवर. वरून प्रशिक्षण झालं होतं आम्हाला — विविधता शिकवा, पोरांना जगाचे नागरिक करा. करा म्हटलं की करायचं, आमच्यात 'कसं' विचारत नाहीत. तर हे तंबूचं पान उघडलं अन् सुमली उठून उभी राहिली. सुमली — हो, तुम्ही शोधताय त्या झिपरूचीच पोरगी. सातपुड्यातले पावरा लोक, केळीचे घड कापायला आलेले, बांधावर पाल टाकून राहतात. तीन महिने तोंड उघडलं नव्हतं पोरीनं. खिचडीला बसली की बाकीची पोरं सरकून बसायची. ती या चित्रावर बोट ठेवून म्हणते, 'बाई, हा आमच्यावानी राह्यतो.' आणि साहेब, पोरं सरकली — तिच्याकडं सरकली, चित्र बघायला! रडली मी त्या दिवशी. आनंदानं रडली.

मग कार्डं केली. जुन्या लग्नपत्रिका कापून, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर. वर लिहिलं, 'जगाचा नागरिक'. तर पोरं म्हणे, 'बाई, शिक्का कुठी आहे? शिक्का नाही तं खरं नाही.' सात वर्षांच्या पोरांना हे कोणी शिकवलं? आपणच ना? दाखल्याला शिक्का, रेशनला शिक्का. मुख्याध्यापक मीटिंगला गेलेले, कपाटाची चावी माझ्याकडं — ठोकला. चूक झाली, मान्य. पटावर एकोणतीस पोरं, एकोणतीस शिक्के. हे तिसावं? असेल, पोरीनंच बापाचं नाव घालून... मी तर झिपरूला ओळखतसुद्धा नाही, साहेब. अक्षर? कोणाचं अक्षर?

हो. माझंच.

काय करू, पोरगी साडीचा पदर सोडेना — 'माह्या बापाले बी एक द्या ना बाई, त्याले समदे कागद मांगता.' दिलं. मला काय माहीत तो फेट्यात जपून ठेवेल! करायला गेली गणपती, झाला मारुती. इकडं कोणीतरी कोणाच्या मळ्यातली केळीची सहाशे खोडं कापून टाकली, तुम्ही बाहेरच्या मजुरांना कागद मागायला लागले, अन् ह्यानं छाती पुढं काढून हे काढलं. त्याला वाचता येत नाही, साहेब. शिक्का तेवढा ओळखतो. त्याला वाटलं, पोरीच्या शाळेनं दिलंय, म्हणजे पक्कं. तुम्ही 'ठाण्यात चल' म्हटलं अन् तो पळाला. पळणारच. माझ्या पायाला पळायची सवय नाही, नाहीतर सकाळी मीच पळाली असती.

पण पळाला म्हणजे खोडं त्यानंच कापली, हे कुठलं गणित? जो घड कापून पोट भरतो, तो खोड कापेल? आणि खरंच त्याच्या मनात पाप असतं, तर तो इथं थांबला असता का? डोंगर ओलांडला की पलीकडं मध्य प्रदेश, गेला असता निघून. गिरधर आबांच्या विहिरीवरच्या खोलीत मुरगळलेला पाय घेऊन चार दिवस कशाला पडून राहिला असता, पोरीनं नेलेल्या खिचडीवर —

नाही. म्हणजे समजा, असं म्हटलं मी. उदाहरण दिलं. आम्हाला शिकवताना उदाहरण द्यायची सवय असते ना — साहेब, कुठं निघाले? चहा सांगते ना मी. लिहून घ्या, माझ्यावर लिहा सगळं, शिक्का माझा, अक्षर माझं, सही करते मी, हे बघा, करते — साहेब, त्याला चालता पण येत नाही हो, गाडी नका...

सुमली? तू कधीची उभी आहेस दारात?

असं नको बघू माझ्याकडं. जा. वर्गात जाऊन बस.