बावीस वर्षांची कंपनी

(फान थिएत, समुद्रकाठचं मासेमारीचं गाव. रविवारची सकाळ. घरामागच्या नळाशी सुओंग माकुलं साफ करत बसली आहे. तिची मुलगी त्राम बादलीत निळा रेशमी पोशाख पुन्हा पुन्हा खळबळते आहे.)

सुओंग : अगं, विरेल ते रेशीम. पुरे की आता.

त्राम : विरू दे.

सुओंग : काल आलीस ती थेट मोरीत. ओकलीस आणि तोंड फिरवून झोपलीस. विचारलं तर म्हणे पोट बिघडलं. आणि आता सकाळपासून त्या कपड्यावर कसला सूड उगवते आहेस? हॉटेलात खाल्लंस तरी काय?

त्राम : घोटभर पाणीसुद्धा प्यायले नाही. ओकारी खाण्याची नव्हती, आई.

सुओंग : मग कसली?

त्राम : मोठे काका किती वाजता येणार आहेत?

सुओंग : येतीलच एवढ्यात. तुझ्या बाबांचं श्राद्ध, आणि मोठा भाऊ उशिरा येईल होय? पहिली अगरबत्ती त्यांच्या हातची. ते माकुलांच्या शाईचं भांडं सरकव इकडे.

त्राम : ते यायच्या आत मला एक सांग, पण खरं सांग. हा पोशाख घालायला काकांनी सांगितलं. ओठांना रंग तू लावलास. केस मोकळे तू सोडलेस. तुला माहीत होतं?

सुओंग : काय माहीत होतं? परदेशी गिऱ्हाईक आलंय, हॉटेलात उतरलंय, सुक्या माकुलाचे नमुने पोचवायचेत. पोरीला जरा नीटनेटकी पाठव, माझ्या कारखान्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. एवढंच म्हणाले भाऊजी. काय झालं गं? त्या माणसानं काही केलं?

त्राम : त्या बिचाऱ्यानं काही नाही केलं. तो खाली येऊन उभा होता, आई. हॉलंडचा म्हातारा, माझ्या आजोबांच्या वयाचा. गुडघे दुखत होते म्हणून खांबाला टेकला होता. आणि त्याच्या हातात काय होतं सांगू? रबरी गमबूट. प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःचे गमबूट आणि पांढरी टोपी.

सुओंग : गमबूट कशाला?

त्राम : कारखान्यात शिरायचं तर गमबूट लागतातच ना? तो कारखाना बघायला निघाला होता! आणि समोर मी. रेशीम, लाली, केस मोकळे, हातात तांदळाच्या दारूची बाटली. काकांनी नमुन्यांच्या पिशवीत ती पण ठेवली होती. काउंटरवरची दोन पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. त्यांना माझ्याआधी कळलं होतं सगळं.

सुओंग : मला नाही कळत अजून. नीट सांग, तोडून तोडून नको.

त्राम : मागच्या महिन्यात आमच्या इंग्रजीच्या वर्गात बाईंनी एक शब्द घेतला होता, कंपनी. आठवतं? मी जेवताना सांगितलं होतं, काका पण होते.

सुओंग : हसत होतात तुम्ही दोघं. मी भात वाढत होते.

त्राम : आम्हाला वाटायचं, कंपनी म्हणजे कारखाना, पेढी, झालं. आपल्याकडे त्याला एकच शब्द, अर्थही एकच. पण इंग्रजीत सोबतीलाही कंपनीच म्हणतात. घरी पाहुणे आले तरी कंपनी. सैनिकांची तुकडी म्हणजे कंपनी, गावोगाव खेळ करणाऱ्यांचा ताफा तोही कंपनीच. वर्गातल्या एकानं लिहिलं होतं, 'माझ्या आजीला कंपनी आवडते,' आणि आम्ही विचारत होतो, आजीचे शेअर्स आहेत का?

सुओंग : आणि भाऊजींनी विचारलं होतं, सोबत म्हणजे कसली सोबत.

त्राम : विचारलं होतं ना? आणि मी बावळटासारखी सगळं समजावून सांगितलं. कुणी म्हणालं, मला कंपनी हवी, तर त्याला एकटं बसायचं नाही, बरोबर कुणीतरी हवंय. काकांनी मान डोलावली. आणखी एकदा भात घेतला.

सुओंग : पुढे?

त्राम : त्या म्हाताऱ्यानं काकांच्या फोनवर निरोप पाठवला होता. एरवी ऑफिसात इंग्रजीतलं सगळं माझ्याकडे येतं. हा निरोप तेवढा मला दाखवला नाही. 'शनिवारी संध्याकाळी कंपनी बघायला आवडेल.' दिवसा सगळेच धुऊनपुसून दाखवतात म्हणे, त्याला काम जोरात चालू असताना बघायचं होतं.

सुओंग : कारखाना बघायचा होता.

त्राम : कारखाना. आणि काकांनी उत्तर काय दिलं? त्यानं मला त्याच्या फोनवर दाखवलं. 'कंपनी सात वाजता तुमच्या हॉटेलवर येईल. फार छान कंपनी. बावीस वर्षांची.'

सुओंग : (सुरी घेऊन उठते.)

त्राम : आई, सुरी खाली ठेव.

सुओंग : बावीस.

त्राम : म्हाताऱ्याला वाटलं, कारखाना बावीस वर्षं जुना आहे. म्हणजे भरवशाचा आहे. खूश झाला होता तो. मला म्हणाला, चला, गाडी बाहेर आहे ना? गाडी नव्हती. ड्रायव्हर मला सोडून निघून गेला होता, काकांनी त्याला थांबू नको म्हणून सांगितलं होतं. मग म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. परत फोनवरचं वाचलं. आणि कानापर्यंत लाल झाला. मी त्या वेळी तिथे उभी होते, आई. त्याला कळताना बघत होते, आणि त्याच्या तोंडावरून मला कळत होतं.

सुओंग : काय म्हणाला?

त्राम : सॉरी म्हणाला. चूक त्याची नव्हतीच. मला टॅक्सी करून दिली, आणि टॅक्सी हलेपर्यंत ते गमबूट छातीशी धरून पायरीवर उभा राहिला.

सुओंग : मला खरं सांग म्हणालीस ना मघाशी. तर ऐक. मला माहीत नव्हतं. पण हा कपडा इस्त्री करताना मनात आलं होतं, की माकुलाचे नमुने द्यायला रेशीम कशाला? आलं मनात, आणि मी ते तिथेच इस्त्रीखाली दाबून टाकलं.

त्राम : का?

सुओंग : ते मोठे आहेत म्हणून. दुसरं काय.

(मोठे काका थिन्ह परडी घेऊन मागे येतात.)

थिन्ह : अरे, मायलेकी मागे बसल्यात होय! आणि पुढचं दार सताड उघडं. सुओंग, हे घे, ड्रॅगन फ्रूट. धाकट्याला आवडायचं. परडीच आणली. अगरबत्त्या कुठे आहेत? बरं, ते राहू दे. त्राम, बाळा, आधी तू मला सांग. त्या गोऱ्याला तू काल काय बोललीस?

त्राम : मी?

थिन्ह : पहाटे हॉटेल सोडून गेला तो! फोन उचलत नाही. वर्षभराचा व्यवहार होता. हे बघ, मी रागावत नाही. पण तोंड वाकडं केलंस का? तुझी ती सवय आहे. पाहुण्यासमोर थोडं हसावं लागतं, बिझनेस आहे.

त्राम : काका, त्यानं मला तुमचा निरोप दाखवला.

थिन्ह : कुठला निरोप?

त्राम : फार छान कंपनी. बावीस वर्षांची.

थिन्ह : हां, मग? कारखान्याबद्दल लिहिलं ते. तूच तर शिकवलंस, कंपनी म्हणजे कारखाना. बरोबर आहे ना? का माझं इंग्रजी चुकलं?

सुओंग : कारखाना किती वर्षांचा आहे, भाऊजी?

थिन्ह : अगं, आता वर्षं कोण मोजतं? वीस-बावीस म्हणायची पद्धत असते. गिऱ्हाइकाला जुनं नाव आवडतं.

सुओंग : हे गेले त्याला आज नऊ वर्षं झाली. मग यांची होडी विकली, त्या पैशांत तुमचा कारखाना उभा राहिला. त्याच्या आधीचा कसा असेल तो?

थिन्ह : सुओंग, आजच्या दिवशी हा विषय नको.

सुओंग : आजच्याच दिवशी. या घरात बावीस वर्षांचं दुसरं काय आहे?

थिन्ह : हे बघा, शब्दाचे दहा अर्थ होतात. गोऱ्यांची भाषाच तशी आहे, निसरडी. ज्याला जो अर्थ घ्यायचा तो त्यानं घ्यावा.

त्राम : त्यानं कारखान्याचा घेतला. तुम्ही कुठला घेतलात?

थिन्ह : एकटा माणूस. हॉटेलात उतरलेला. शनिवारची संध्याकाळ. आणि म्हणतो कंपनी बघायची आहे. कुणालाही काय वाटेल?

त्राम : कुणालाही नाही वाटणार. चोराच्या मनात चांदणं. तो गमबूट घेऊन उभा होता, काका!

थिन्ह : आवाज खाली! शेजारी ऐकतील. आणि झालं काय एवढं? हात लावला त्यानं? नाही ना? टॅक्सीनं घरी आलीस ना? मग हा तमाशा कशाला? जेवायला बसायचं, दोन घास खायचे, गोड बोलायचं. त्यापुढे काही मी सांगितलं होतं का?

त्राम : ड्रायव्हरला जायला सांगितलं होतंत.

थिन्ह : त्याला दुसरं काम होतं.

त्राम : शी! तुमच्याकडे बघवत नाही मला. कुजक्या मासळीचा वास परवडला. तो हात धुतला की जातो तरी.

थिन्ह : सुओंग, ऐकतेस ना पोरगी काय बोलते? इंग्रजीच्या वर्गात घातली कुणी हिला? ऑफिसात खुर्ची दिली कुणी? माझ्या जागी दुसरा असता ना, तर त्यानं बाजारातली बाई पाठवली असती. मिळतात तशा, कमी नाहीत. पण मी म्हटलं, नाही, एवढं मोठं गिऱ्हाईक आहे. मी घरची पाठवली! घरची, शिकलेली, इंग्रजी बोलणारी. मान दिला मी त्याला.

सुओंग : मान दिलात.

थिन्ह : मग? धंदा काय आपोआप चालतो? सगळे करतात, तुम्हाला बायकांना माहीत नसतं एवढंच. जाऊ दे. झालं गेलं नदीला मिळालं. ही घेतली मी अगरबत्ती, आण ती काडेपेटी, पाहुणे यायच्या आत हात जोडून घेऊ.

सुओंग : भाऊजी, ती अगरबत्ती खाली ठेवा.

थिन्ह : काय?

सुओंग : खाली ठेवा. आणि ती परडी उचला. यांच्यासमोर तुमचं काही नको मला.

थिन्ह : डोकं फिरलंय का तुझं? मी मोठा भाऊ आहे त्याचा. पहिली अगरबत्ती माझी.

सुओंग : त्यांची मुलगी तुम्ही फळांसारखी परडीत घालून पाठवलीत. पिकलेली आहे, छान आहे, इतक्या वर्षांची आहे, असं लिहून पाठवलीत. गिऱ्हाइकापुढे लाज वाटते मला, त्या परक्या म्हाताऱ्यापुढे. आपल्या घराबद्दल काय घेऊन गेला असेल तो बरोबर?

थिन्ह : अकरा वाजता सगळे नातेवाईक येतील. मोठा भाऊ कुठे म्हणून विचारतील. काय सांगशील त्यांना?

सुओंग : काय झालं ते सांगेन. निरोपासकट. आणि त्या शब्दाचा एखादा अर्थ कुणाला कळला नाही, तर त्राम आहे समजावायला.

थिन्ह : त्राम, उद्या ऑफिसात पाय ठेवायचा नाही.

त्राम : ऑफिसची चावी तुमच्या स्कूटरच्या डिकीत टाकते आहे. मीच येणार नव्हते.

थिन्ह : उपाशी मराल दोघी. मग याल माझ्याच दारात, वास मारणारी माकुलं निवडायला.

सुओंग : माकुलं आम्ही आत्ताही निवडतोच आहोत. दार तुम्ही येताना उघडंच होतं, जाताना तेवढं ओढून घ्या.

त्राम : ...गेले. परडी ठेवून गेले, आई.

सुओंग : शेजारच्या डुकरांना घाल.

त्राम : डुकरांनी काय बिघडवलंय?

सुओंग : हसतेस. हस. मी आता रडले तर भात करपेल.

त्राम : घाबरलीस?

सुओंग : हो तर. सगळं आयुष्य त्यांच्या तोंडाकडे बघत काढलं. आता कुणाकडे बघायचं ते कळत नाही. तू काय करशील?

त्राम : बंदरावर एका बर्फाच्या गोदामात माणूस हवा आहे, इंग्रजी लिहिणारा. तिथली बाई ओळखीची आहे. बघते. नाही झालं तर दुसरीकडे.

सुओंग : तुझा तो म्हातारा ती घाण मनातून काढेल का गं?

त्राम : माहीत नाही. मी त्याला दोन ओळी लिहिणार आहे, की त्याची काही चूक नव्हती.

सुओंग : लिही. आणि माझ्याकडून पण लिही. आता हात धू, केस बांध आणि इकडे ये. अगरबत्ती पेटव.

त्राम : मी? पहिली?

सुओंग : तू. तीन पेटव. वाकून नमस्कार कर. ...अहो, ऐकताय का? तुमचे दादा येऊन गेले. जेवले नाहीत.

त्राम : एवढंच सांगणार आहेस बाबांना? बाकीचं?

सुओंग : वर्षातून एकदा घरी येतात ते. आधी पोटभर जेवू देत.